वर्ग तोच, सीट भलतीच: विमान कंपन्यांना आणि महासंचालनालयाला खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
तसेच मुंबई आणि मोपा इथून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या सर्व विमान कंपन्यांची व्यवस्थापनं

महोदय,

२०२३ च्या फेब्रुवारीत पंधरवड्याच्या अंतराने दोन गोष्टी झाल्या. १ फेब्रुवारीला कतार एअरवेज आणि विमान बनवणारी एअरबस यांनी ए३५० विमानांच्या पृष्ठभागावरून लंडनच्या कोर्टात चाललेलं भांडण तडजोड करून मिटवलं. १५ फेब्रुवारीपासून आपल्या महासंचालनालयाचा सुधारित नियम लागू झाला. वरच्या वर्गाचं तिकीट घेतलेल्या प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं, तर त्याला किती पैसे परत द्यायचे हे त्यात सांगितलं आहे. पहिल्या प्रकरणात निर्माता आणि कंपनी यांचा हिशेब मिटला. दुसऱ्यात बिझनेसमधून इकॉनॉमीत ढकललेल्या माणसाची सोय झाली. एक प्रवासी मात्र दोन्हीकडून सुटला. त्याने बिझनेसचं तिकीट काढलं, तो बिझनेसमध्येच बसला, पण ज्या सीटचे पैसे मोजले ती सीट त्या विमानात नव्हतीच. हे पत्र त्याच्यासाठी आहे.

आम्ही रत्नागिरी, चिपळूण आणि सावंतवाडी भागात तिकिटं काढून देणारी माणसं. बिझनेस क्लास म्हटलं की श्रीमंतांचे चोचले, असा समज आहे आणि काही तिकिटांच्या बाबतीत तो खराही असेल. कोकणातून निघणाऱ्या तिकिटांत मात्र वेगळीच माणसं जास्त दिसतात. आखातात नोकरीला असलेली मुलं दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या आईवडिलांना बोलावून घेतात. कुणी नातवंडांसाठी लंडन-टोरंटोला जातं. गुडघे बदललेले असतात, कमरेला पट्टा असतो, डॉक्टरांनी पाय फार वेळ खाली सोडून बसू नका असं बजावलेलं असतं. ही माणसं शॅम्पेनसाठी दुप्पट-तिप्पट भाडं भरत नाहीत. त्यांना पाठ टेकून आडवं होता यायला हवं आणि शेजाऱ्याला न उठवता बाथरूमला जाता यायला हवं. एवढ्यासाठीच ते पैसे असतात. कंपनीच्या वेबसाइटवरचं चित्र आणि सीटचा नकाशा दाखवून आम्ही ते तिकीट विकतो. विमानात दुसरंच काही निघालं की प्रश्न आम्हाला विचारला जातो, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे नसतं.

ते उत्तर कुठे असतं, ते आधी मांडतो. बऱ्याचदा ते विमान बनवणाऱ्या एअरबस आणि बोईंगच्या गावी, म्हणजे तूलूझ किंवा सिअ‍ॅटलमध्ये असतं.

कतारचंच घ्या. ए३५० ची बॉडी कार्बन-फायबरची. वीज पडली तर ती पसरून निघून जावी म्हणून तिच्यावर तांब्याची बारीक जाळी, आणि त्यावर रंग. तापमान चढतं-उतरतं तसं या थरांचं प्रसरण सारखं होत नाही. रंगाला भेगा पडल्या, काही ठिकाणी जाळी उघडी पडली. एअरबस म्हणाली, पृष्ठभाग खराब झालाय हे खरं, पण सुरक्षिततेला धोका नाही. युरोपच्या नियामकानेही उड्डाणयोग्यतेचा प्रश्न नाही असंच सांगितलं. कतारच्या नियामकाने मात्र विमानं एकामागून एक जमिनीवर ठेवली, आणि हा आकडा दोन डझनांच्या वर गेला. कंपनीने जून २०२१ पासून नवी ए३५० घेणं थांबवलं आणि डिसेंबरात लंडनला दावा लावला. जानेवारी २०२२ मध्ये एअरबसने त्यांची पन्नास ए३२१निओची ऑर्डरच रद्द करून टाकली. दोघेही तुल्यबळ, दोघांकडे वकिलांची फौज. त्या भांडणात कुणाची बाजू खरी, हे सांगायचा आमचा अधिकार नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ए३५० उभी राहिल्यावर तिच्या जागी काय उडालं? साठवून ठेवलेली ए३३० बाहेर निघाली. कायमची निवृत्त होण्याच्या बेतात असलेली काही ए३८० परत आणली गेली. कॅथे पॅसिफिकची वापरलेली बोईंग ७७७ ताफ्यात आली. उड्डाणं चालू राहिली, याबद्दल कंपनीचं कौतुकच करायला हवं. पण ए३५०-१००० मध्ये बिझनेसच्या सीटला दार आणि १-२-१ मांडणी, म्हणजे एका ओळीत खिडकीशी एक, मधे दोन आणि पलीकडे एक सीट; ए३३० मध्ये मात्र २-२-२. म्हणजे खिडकीजवळ बसलेल्या सत्तरीच्या बाईने रात्री उठायचं तर शेजारच्या झोपलेल्या माणसाच्या पायांवरून जायचं. शिवाय ए३५० किंवा बोईंग ७८७ च्या केबिनमधला हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. जुन्या धातूच्या विमानांत ही उंची ८,००० फुटांपर्यंत जाते. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला हा फरक जाणवतो. तिकिटावर मात्र दोन्हीकडे ‘बिझनेस’ हा एकच शब्द.

तडजोडीच्या अटी गुप्त आहेत. चूक कुणीच कबूल केलेली नाही. रद्द झालेल्या ऑर्डरी परत मिळाल्या. प्रवाशाचा त्यात कुठे उल्लेख असेल असं आम्हाला वाटत नाही, आणि असायचं काही कारणही नव्हतं, कारण प्रवाशाशी करार विमान कंपनीचा आहे, निर्मात्याचा नाही. म्हणूनच हे पत्र एअरबस-बोईंगला लिहिलेलं नाही. तुम्हाला लिहिलं आहे.

प्रत्येक भांडण कोर्टात जातं असंही नाही. बोईंगने ७७७एक्स या नव्या विमानाची घोषणा नोव्हेंबर २०१३ मध्ये दुबईत केली, तेव्हा पहिलं विमान २०२० ला मिळेल असा वायदा होता. आता २०२७ सांगतात. एमिरेट्सने बोईंगला जाहीरपणे पुष्कळ सुनावलं, पण सुनावून विमान येत नाही. मग जुन्या विमानांचीच अंतर्गत डागडुजी काढावी लागली. ज्यांचा नंबर अजून लागलेला नाही अशा जुन्या ७७७ मध्ये बिझनेस २-३-२ आहे, म्हणजे मधली सीटसुद्धा आहे, आणि काहींत सीट पूर्ण आडवी न होता उताराला लावल्यासारखी तिरकी राहते. दुबईपर्यंत तीन तासांत ते चालून जातं. पण पुढे लंडन किंवा टोरंटोचं विमानही जुनंच निघालं, तर पायथ्याशी घसरत घसरत रात्र काढावी लागते.

आता सीटबद्दल थोडं तपशिलात, कारण ‘पुरवठा साखळीतील अडचणी’ या तीन शब्दांमागे नेमकं काय असतं ते वाचकांना कळायला हवं.

वरच्या वर्गाची सीट बहुधा विमानाबरोबर येत नाही. विमान कंपनी ती सॅफ्रान, कॉलिन्स, रेकारो अशा सीटवाल्यांकडून वेगळी विकत घेते आणि विमानाच्या कारखान्यात पोचती करते. सीट उशिरा आली की तयार विमान कारखान्यात रिकाम्या पोटाने उभं राहतं. मग निर्माता म्हणतो, आमचं विमान तयार आहे, पैसे द्या. कंपनी म्हणते, असं विमान घेऊन काय करू? उशीर कुणाचा आणि दंड कुणी भरायचा, हे भांडण करारातल्या याच फटीतून उगवतं. २०१५-१६ मध्ये झोडियाकच्या सीटमुळे ए३५० ची कामं रखडली होती, तेव्हा एअरबसने आपल्याच पुरवठादाराला उघडपणे झापलं होतं.

सीट बनली म्हणजे संपलं, असंही नाही. तिला गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्का देऊन तपासतात. तोही सरळ जमिनीवर नाही. अपघातात फरशी पिळवटते हे धरून सीट ज्या दोन रुळांवर बसते त्यांतला एक दहा अंश वाकवलेला आणि दुसरा दहा अंश कलवलेला असतो. धक्क्यात पुतळ्याचं डोकं समोरच्या कठड्यावर किंवा पडद्यावर आपटलं, तर डोक्याच्या इजेचा मोजलेला निर्देशांक १००० च्या आत राहावा लागतो. दार बसवलं की ते अडकलं तर बाहेर कसं पडायचं, याची वेगळी परीक्षा. सीटचा कोन थोडा बदलला, समोरचं कपाट थोडं पुढे आलं, की पुन्हा पहिल्यापासून. एकाच केबिनमध्ये पाच-सात तऱ्हेच्या सीट ठेवायची हौस असेल, तर परीक्षाही तितक्याच. लुफ्थान्साच्या नव्या ७८७-९ मध्ये २०२५ साली सुरुवातीला बिझनेसच्या २८ पैकी फक्त ४ सीट विकता येत होत्या. बाकीच्या बसवलेल्या होत्या, पण मंजूर नव्हत्या. हे नियम कडक आहेत, तसेच असावेत. त्यात सूट द्या असं आम्ही कधीही म्हणणार नाही.

पण नवं रखडलं की जुनं जास्त राबवलं जातं, आणि खरी दुरवस्था तिथे होते. बिझनेसच्या एका सीटखाली दोन-तीन मोटरी असतात: एक पाठ खाली नेते, एक पायाखालचा भाग वर आणते, कुठे कुठे आख्खी सीट पुढे सरकवणारी आणखी एक. त्यांना हुकूम देणारा कंट्रोल बॉक्स, बटणांची पट्टी आणि वीज देणारा डबा वेगळे. बटणांच्या पट्टीवर कॉफी सांडते. मोटरीच्या स्क्रूमध्ये ब्लँकेटचे धागे, चमचे, मोबाइलची वायर अडकते. सीट अर्ध्यात थांबली की कर्मचारी गादीखालची तार ओढून ती हाताने सरळ करतात, कारण उड्डाणाला आणि उतरताना पाठ ताठ लागते. मग विमानाच्या नोंदवहीत नोंद होते आणि इंजिनियर ती ताठ अवस्थेत लॉक करून ‘बंद’ची चिठ्ठी लावतो. नियमाप्रमाणे विमान उडू शकतं. त्यात सुरक्षिततेची गफलत काही नाही. गफलत पुढे आहे. या सीटचं उत्पादन बंद झालेलं असतं, वर्षभरात नव्या सीट येणार म्हणून जुन्यांचे सुटे भाग कुणी मागवत नाही, आणि एका बंद सीटचे अवयव काढून दुसरी चालू करणं हा रोजचा उद्योग होतो. नव्या सीटची तारीख दोन वर्षं पुढे गेली की तो उद्योगही दोन वर्षं लांबतो.

आपल्या घरचं उदाहरण एअर इंडियाचं. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने जुन्या लांब पल्ल्याच्या विमानांचं अंतरंग बदलण्यासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. जुन्या ७८७-८ पैकी पहिलं विमान त्या कामासाठी कॅलिफोर्नियाला गेलं ते जुलै २०२५ मध्ये. सीटचा पुरवठा हेच मुख्य कारण होतं. नव्या ए३५० मध्ये बिझनेसच्या २८ सीट १-२-१ अशा आहेत, जुन्या ७८७-८ मध्ये १८ सीट २-२-२ अशा. ताफा बदलत असताना दोन्ही विमानं एकाच वेळी उडणार, हे समजण्यासारखं आहे. तिकीट घेणाऱ्याला यातलं कोणतं मिळणार, हे कुठेच बांधून दिलेलं नाही. आमची तक्रार तिथून सुरू होते.

पहिली तक्रार: विमान बदललं हे कळवलंच जात नाही. वेळापत्रक बदललं की कंपनीच्या यंत्रणेतून वेळेचा संदेश निघतो, बुकिंगची स्थिती बदलते आणि आमच्या रांगेत लाल खूण येते. विमानाचा प्रकार बदलला तरी ‘ईक्यूटी’ नावाचा संदेश निघतो. पण वेळ तीच आणि वर्ग तोच असला, तर बहुतेक वेळा तो आमच्यापर्यंत किंवा प्रवाशापर्यंत येतच नाही. पत्ता लागतो तो सीट नंबरवरून. ३के ची एकदम ८जे झाली की समजायचं, पाणी मुरतंय. म्हणजे माहिती यंत्रणेत असते. फक्त ती पाठवायची तसदी कुणी घेत नाही.

दुसरी तक्रार वेळेची. मुंबईच्या माणसाला विमान बदलल्याचं चार तास आधी कळलं, तर तो निदान घरून भांडू शकतो. कोकणातला माणूस तोवर निघालेला असतो. रात्रीच्या कोकणकन्येत किंवा तुतारीत असतो, नाहीतर अजून पुरता न झालेल्या महामार्गावर. उक्शी-भोकेच्या मधल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात फोनला रेंज नसते आणि आधी-मागेही ती येते-जाते. काउंटरवर पोचल्यावर ‘आज वेगळं विमान आहे’ असं सांगितलं की त्याच्यापुढे पर्याय उरतो कोणता? ३३० किलोमीटर परत जायचं? तो गप्प बसतो, आणि कंपनीच्या नोंदीत ‘प्रवाशाने स्वीकारलं’ असं होतं.

तिसरी तक्रार थेट महासंचालनालयाकडे. तुमच्या २०२३ च्या नियमात देशांतर्गत प्रवासाला करांसह भाड्याच्या ७५ टक्के परतावा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १,५०० किलोमीटरपर्यंत ३०, ३,५०० पर्यंत ५० आणि त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-दुबई, मुंबई-दोहा मधल्या टप्प्यात येतात, लंडन शेवटच्या. नियम चांगला आहे. पण ‘वर्ग’ म्हणजे काय, तर बोर्डिंग पासवर छापलेला शब्द. आडवी होणारी सीट विकून तिरकी दिली, किंवा बंद पडलेली दिली, तर नियमाच्या लेखी काहीच घडलेलं नाही. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरावा तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे पेटीवरच्या नावाला कायद्याने काहीतरी अर्थ आहे. ‘बिझनेस’ या शब्दाला तेवढाही नाही.

कंपन्यांचं उत्तर आम्हाला पाठ आहे. प्रवासाच्या अटींत लिहिलेलं असतं की पूर्वसूचना न देता विमान बदलण्याचा हक्क कंपनीला आहे. हा हक्क हवाच. ऐनवेळी बिघाड झाला तर दुसरं विमान लावायचं नाही तर काय उड्डाण रद्द करायचं? पण आदल्या रात्रीचा बिघाड वेगळा, आणि निर्मात्याशी बिनसल्यामुळे सहा महिने ठरवून दुसरी विमानं चालवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कंपनीला सगळं आधीच माहीत असतं. तरीही विक्रीच्या पानावर फोटो जुनाच. याला अनुचित व्यापार प्रथा म्हणतात.

आमच्या मागण्या अशा:

१. वरच्या वर्गाचं तिकीट विकताना विमानाचा प्रकार, सीटची मांडणी आणि सीट पूर्ण आडवी होते की तिरकी, या तीन गोष्टी तिकिटावर छापाव्यात. फोटो नसला तरी चालेल.

२. यांपैकी काही बदललं तर कंपनीच्या यंत्रणेत बदल झाल्यापासून २४ तासांत प्रवाशाला आणि तिकीट काढणाऱ्याला कळवावं. त्याच वेळी पूर्ण परतावा किंवा भाड्यातला फरक न घेता दुसऱ्या दिवसाचं तिकीट, हा पर्याय द्यावा.

३. आडवी सीट विकून तिरकी किंवा नुसती मागे झुकणारी दिली, अथवा दिलेली सीट बंद निघाली, तर ते खालच्या वर्गात बसवल्यासारखंच धरून तोच ३०-५०-७५ चा तक्ता लावावा. १-२-१ च्या जागी २-२-२ किंवा २-३-२ आल्याने सीटवरून थेट बाहेर पडायची वाट गेली, तर एक चतुर्थांश भाडं परत. दार नव्हतं, पडदा लहान होता, याच्यासाठी आम्ही भांडणार नाही.

४. बंद सीटची नोंद वहीत पडली की ती वाटपातून आपोआप काढावी. आज ती दुसऱ्या फेरीतही कुणाच्या तरी नावावर लागते.

५. दुसऱ्या कंपनीचं विमान कर्मचाऱ्यांसकट भाड्याने घ्यायला महासंचालनालयाची परवानगी लागतेच. त्या परवानगीत एक अट घालावी: त्या विमानातल्या वरच्या वर्गाचं वर्णन पहिल्या विक्रीपूर्वी प्रसिद्ध करणं.

६. निर्मात्याकडून भरपाई किंवा सवलत मिळाली, तर ज्या मार्गांवर त्या काळात हलकी सीट दिली गेली तिथल्या प्रवाशांसाठी कंपनीने त्यातला काही भाग राखून ठेवावा. हे सक्तीने करून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, म्हणून ही विनंती समजावी. पण माइल्स आणि पुढच्या प्रवासाचं व्हाउचर देऊन बोळवण करू नका. पंचाहत्तरीच्या माणसाला एक वर्ष मुदतीचं व्हाउचर म्हणजे तोंडाला पानं पुसणं आहे.

यांतल्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मागणीला नवा कायदा लागत नाही. कंपन्यांनी ठरवलं तर या हंगामातही होतील. तिसऱ्या आणि पाचव्यासाठी महासंचालनालयाने मसुदा काढून हरकती-सूचना मागवाव्यात. आमच्या सूचना तयार आहेत.

तोवर कोकणातून वरच्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्यांनी काय करावं, तेही इथेच लिहितो. तिकीट काढताना विमानाचा कोड लिहून घ्या: ३५९ किंवा ३५१ म्हणजे ए३५०, ३३३ म्हणजे ए३३०, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८८ आणि ७८९ म्हणजे ७८७. एकाच कोडच्या दोन विमानांतही सीट वेगळी असू शकते, म्हणून सीटचा नकाशा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. महिना आधी, आठवडा आधी आणि घरातून निघायच्या आधी पुन्हा बघा. बदल दिसला तर फोनवर न बोलता ईमेल करा. सीट बंद निघाली तर कर्मचाऱ्यांना वहीतल्या नोंदीचा नंबर विचारा आणि ‘बंद’च्या चिठ्ठीचा फोटो घ्या. बोर्डिंग पास फेकू नका. आधी कंपनीकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. तरीही काही झालं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो.

या पत्राची प्रत महासंचालनालयाला आणि संबंधित कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना टपालाने आणि ईमेलने पाठवली आहे. तीस दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. येईल ते उत्तर, किंवा उत्तर आलं नाही हे, आम्ही याच ठिकाणी प्रसिद्ध करू. आजपासून आमच्याकडून वरच्या वर्गाचं तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला विमानाचा कोड आणि सीटचा नकाशा छापून, तारीख घालून, सही करून देऊ. उद्या आयोगापुढे उभं राहायची वेळ आली, तर तो कागद त्यांच्या हातात असेल.

आपले,
रत्नागिरी, चिपळूण आणि सावंतवाडी परिसरातले तिकीट व्यावसायिक